शेवटचा परगणा

दादाने पाचवा परगणाही देऊन टाकला आणि धाकट्याच्या कपाळावर आठी चढली.

"घे, नदीकाठचा," दादा संगणकाच्या पडद्याआडून म्हणाला. "नीट सांभाळ."

दुपारी दीड ते तीन त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात काम बंद असे, दार मात्र उघडंच. डबे खाऊन झाले की दोघे भाऊ आपापल्या टेबलाशी संगणक उघडून राज्य करायला बसत. धाकटा दारापाशी, दादा आत भिंतीला पाठ लावून. या खेळात धाकटा राजा होता आणि दादा त्याचा उमराव, सहा परगण्यांचा धनी. थोरल्याने धाकट्याला मुजरा करायचा, ही गंमत दादालाच सुचली होती. बाकीचे सरदार संगणक चालवायचा, आणि ते सगळे एकजात लबाड होते.

खेळाचा कायदा सरळ होता. राजाने स्वतःच्या ताब्यात पाचच परगणे ठेवायचे, उरलेले सरदारांना वाटायचे. जास्त ठेवले की सरदार फुरंगटतात आणि एक दिवस सगळे मिळून चालून येतात. उमरावाने आपण होऊन परत केलेली जमीन मात्र राजाला नाकारता येत नाही. धाकट्याकडे आता दहा परगणे साचले होते. वाटायचे तर कोणाला? सगळ्या राज्यात भरवशाचा माणूस एकच, तो दादा. आणि तोच एकेक परगणा त्याच्या गळ्यात मारत होता.

हातची जमीन सोडणारा माणूस एकतर खुळा असतो, नाहीतर पोचलेला. दादा खुळा नव्हता.

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते नुसतं खेळात नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी दादाने बायकांची छोटी घड्याळं त्याच्याकडे सरकवली. "तुझा हात बसू दे," म्हणाला. मग सगळीच मनगटी घड्याळं आली. स्वतःकडे त्याने ठेवली फक्त भिंतीवरची, ताटाएवढी. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून गप्पा मारणारा माणूस आता लंबक पुसत बसायचा. वर दोनदा तो मंडईमागच्या गल्लीतून बाहेर पडताना दिसला. त्या गल्लीत घड्याळांची नवीन शोरूम झाली होती, आणि तिला कारागीर हवे होते. विचारलं तर दादा म्हणाला, "सहज गेलो होतो." सहज! वीस वर्षांत दादा सहज कुठे गेल्याचं धाकट्याला आठवत नव्हतं.

म्हणजे काम त्याच्या अंगावर टाकायचं, हळूच पाय काढून घ्यायचा आणि शोरूमच्या गार हवेत जाऊन बसायचं. धाकट्याला राग आला. रागाखाली भीती होती. दादाशिवाय या दुकानात बसायचं म्हणजे काय, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

त्याने दादाच्या नावावर बोट ठेवलं. 'किताब जप्त करा' अशी ओळ उजळली. दादाकडे आता एकच परगणा होता. तो गेला की किताब जाणार आणि किताब गेला की दादा खेळाबाहेर. जातोच आहेस ना, मग मीच घालवतो, असं धाकट्याच्या मनात आलं. पण खेळाने विचारलं, 'फितुरीचा पुरावा आहे?' पुराव्याशिवाय जप्ती केली तर राजा जुलमी ठरतो.

पुरावा तिथेच होता, आठ पावलांवर. दादा हल्ली पडदा मुद्दाम तिरका करून बसायचा. सरदारांशी चाललेली पत्रं तिथे दिसणारच. धाकट्याने चपला टेबलाखाली काढून ठेवल्या. खुर्ची न वाजवता तो उठला, काउंटरला वळसा घालून अनवाणी आत गेला. आज रंगेहाथ पकडायचं, म्हणजे पुढचं बोलणं सोपं.

पडद्यावर पत्रं नव्हती. नकाशाही नव्हता. एकच परगणा इतका मोठा करून ठेवला होता, की त्याने सगळा पडदा व्यापला होता. गावाच्या नावातलं एकेक अक्षर तळहाताएवढं होतं. दादाचं नाक काचेला टेकायचं बाकी होतं, आणि तो एका अक्षरावर बोट ठेवून पुढचं शोधत होता. कीबोर्डशेजारी डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती. शोरूमच्या वरच्या मजल्यावर दवाखाना कसला आहे, ते धाकट्याला आत्ता आठवलं.

तो जागीच उभा राहिला.

कोणीतरी शेजारी उभं आहे, एवढं दादाला जाणवलं असावं. त्याने घाईघाईने पडदा फिरवला, बाटली मुठीत घेतली आणि मान वर केली. दोन हातांवरून त्याने धाकट्याच्या तोंडाकडे थेट पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडे हसावं तसा तो हसला.

"या, बसा ना," दादा अदबीने म्हणाला. "मनगटी घड्याळ असेल तर त्या टेबलावर माझा भाऊ बसलाय, त्याला दाखवा. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."