शंभरावं फील्ड

कार्डावर एकच रेघ उमटली आणि बाळाचार्यांनी लगेच झांजांची पिशवी खांद्याला लावली.

“साकु, पुरे झालं! मलेरिया नाही. निघतो मी. पाचला केलगेरीच्या तळ्याकाठी कीर्तन आहे माझं.”

“अप्पा, बसा,” दीपश्री म्हणाली. धारवाडच्या त्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम तिचं. “जंतू कमी असले की कार्डाला कळत नाहीत. त्यातून कुणी शेजारणीच्या घरातल्या उरलेल्या गोळ्या आधीच घेतल्या असतील, तर मग झालंच.”

“दोनच घेतल्या गं. आणि आज ताप कुठाय?”

“काल होता. परवा नव्हता. तेरवा होता. हुडहुडी भरून. आणि तुम्ही तळ्याकाठी उभे राहणार. तुम्हाला चावलेला डास पुढं कुणाकुणाला चावेल?”

बाळाचार्य दाराकडे वळलेच होते.

“अप्पा, आरतीआधी कुणी उठलं तर तुम्ही काय करता?”

बाळाचार्य मागं फिरून बाकावर बसले. असं उठणाऱ्याला ते भर कीर्तनात नावानं हाक मारून ‘चपला सापडल्या का?’ म्हणून विचारत. सगळ्या धारवाडला ते ठाऊक होतं.

त्यांच्या रक्ताचा थेंब घेतलेली काच रंगवून, वाळवून दीपश्री सूक्ष्मदर्शकावर वाकली. भिंगाखाली एका वेळी दिसतो काचेचा तेवढा तुकडा म्हणजे एक फील्ड; अशी शंभर पाहायची. एक फील्ड पाहून झालं की टेबलावर बोटाची एक टिचकी. संथ, एका लयीत. बाळाचार्यांचं बोट आपसूक मांडीवर ठेका धरू लागलं. अडुसष्टाव्या टिचकीनंतर लय थांबली.

“सापडला. व्हायवॅक्स जातीचा जंतू.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि केलगेरीला फोन लावला. “माझ्या जागी श्रीनिधीला उभं करा आज. मला मलेरिया आहे. खात्री म्हणजे काय? आमच्या दीपश्रीनं पाहिलाय!”

फोन ठेवतात तो टिचकी पुन्हा सुरू. एकोणसत्तर. सत्तर.

“आता काय गं? चोर तर सापडला.”

“जोडीला दुसऱ्या जातीचा लपला असला तर? त्याचं औषध वेगळं, अप्पा. तो राहून गेला तर जिवावर बेततं.”

शंभर झाल्यावरच तिनं मान वर केली. “एकटाच होता,” ती म्हणाली आणि रिपोर्ट लिहून डॉक्टरांकडे पाठवला. मग तिनं पुढची काच घेतली.

ती काच अळणावरच्या नागुबाईंची होती. लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या नागुबाई तापानं लाल झालेल्या डोळ्यांनी बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. त्या पदर सावरत उठल्या. “कार्डात काही नाही म्हणाल्या की बाई. मग थांबायचं कशाला? माझी गाडी चुकंल.”

बाळाचार्य सरकले. बाकावर हात थोपटून म्हणाले,

“बसा अक्का. इथं आरती झाल्याशिवाय उठायचं नसतं.”