कोरी पाठ

पाचोडच्या जत्रेतून परतताना बद्रीनाथनं जीप वाटेतल्या पेट्रोल पंपावर थांबवली आणि गाड्या धुवायच्या पाइपाखाली उघड्या अंगानं जाऊन उभा राहिला. आधी पाठ धुतली. लाल माती ओघळून पायाशी आली, तशी त्याला स्वतःचीच किळस आली.

त्या पाठीला आजवर कुणी माती लावली नव्हती. कुस्ती मारली की तो लोकांकडं पाठ करून आखाड्याला फेरी घालायचा, "दिसतीय का माती?" म्हणून विचारायचा, आणि माणसं वेडी व्हायची. फेटे हवेत उडायचे. जत्रेतले पाळणे रिकामे फिरायचे.

आज मात्र तो पुढाऱ्याच्या पुतण्याखाली आपणहून आडवा झाला. गुडघा कामातून गेला होता, आणि पुढारीसाहेबांनी नव्या तालमीत वस्ताद म्हणून घ्यायचा शब्द दिला होता. पुतण्याला खांद्यावर घेऊन लोक नाचले. माणसं तीच होती.

घराकडं, उस्मानपुऱ्यात शिरण्याआधी त्यानं नवा फेटा बांधला, कपाळाला गुलाल फासला. आईला, सरूबाईला, मोतीबिंदूनं धड दिसत नव्हतं. तिला एवढं पुरेल असं त्याला वाटलं.

"आलास व्हय?" सरूबाई म्हणाली. "बस. पाठ दाव."

दर कुस्तीनंतरचा हा रिवाज. त्यानं सदरा काढला. तिचा खरबरीत तळवा मानेपासून कमरेपर्यंत फिरला.

"कोरी हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला. बद्रीनाथला वाटलं, सुटलो.

मग नेहमीसारखी ती पुढं सरकली. जिंकलेल्या लेकाच्या छातीवरची माती बोटानं टिपून ती आपल्या कपाळाला लावायची. त्यासाठी तर तो जिंकल्यावर आंघोळ न करता घरी यायचा. पंपावर पाठ धुण्याच्या नादात हेच ध्यानात राहिलं नव्हतं. तिचं बोट छातीवर इकडून तिकडं फिरत राहिलं.

"गुलाल लावलाय माय," तो घाईनं म्हणाला. "फेटा बी बांधलाय, बघ हात लावून."

सरूबाईनं फेट्याला हात लावला नाही. तिनं कोरडं बोट मागं घेतलं.

"पडला असशील तर पडला असशील बाबा," ती म्हणाली. "पैलवान पडतोच की कवातरी. पण माती धुतलीस कशाला?"