फोटो नंबर चारशे सतरा

"डिलीट केलेला फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो," निधीनं यादीतली ओळ मोठ्यानं वाचली. "पाच वर्षं हा बग पडून आहे. कुणी हातच लावला नाही?"

"कुणाची तक्रारच नाही आली," सुयोग म्हणाला. "तू लाव. पण जपून. त्या कोडमध्ये शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही."

अंधेरीतल्या एका फोटो स्टुडिओची ती वेबसाइट होती. लग्नं, बारशी, हळदी. प्रत्येक घराचा वेगळा अल्बम. आजवर चौघांनी तिचा कोड लिहिला होता आणि प्रत्येकानं आधीच्याचं न पुसता त्यावर आपलं चढवलं होतं. आता मालाडच्या ऑफिसात बसून निधी आणि तिचा सीनियर सुयोग ते सगळं साफ करत होते.

मूळ तासाभरात सापडलं. एक जुना प्रोग्राम दर पहाटे साडेचारला आपोआप चालायचा. नव्या सर्व्हरवर जो फोटो दिसत नसेल, तो जुन्यावरून आणून ठेवायचा. फोटो हरवलाय की कुणी मुद्दाम काढलाय, हे त्याला कळत नव्हतं.

मग निधीनं डिलीटच्या नोंदी काढल्या आणि ती थबकली. एका अल्बममधला एकच फोटो, नंबर चारशे सतरा, दोन वर्षांत पाचशे एक्याऐंशी वेळा डिलीट झाला होता. जवळजवळ रोज. वेळ मात्र एक नव्हती. आज दुपारी चार, उद्या पावणेपाच, परवा साडेपाच, अशी ती पुढे सरकायची. सरकत सरकत रात्र झाली की पुन्हा दुपारवर यायची. आणि जून-जुलैत एकदाही नाही.

"ब्रेकअप, दुसरं काय," सुयोग म्हणाला. "बिचारा रोज तिला उडवतो, आणि आपण रोज सकाळी आणून त्याच्या दारात उभी करतो."

"मग जून-जुलैत?"

"पाऊस, यार. पावसात कुणालाही दया येते."

निधी हसली, पण तिला वाईट वाटलं. ग्राहकांचे फोटो उघडायचे नाहीत असा नियम होता. तो तिनं पाळला. कुणीतरी पाचशे एक्याऐंशी वेळा नको म्हणून सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नव्हतं, एवढंच तिच्या मनात राहिलं. तिनं तो प्रोग्राम काढून टाकला. जुना सर्व्हर रिकामा केला. आता डिलीट केलेला फोटो चोवीस तास कचरापेटीत राहणार होता, मग कायमचा जाणार होता. सोमवारी सकाळी दहाला नवा कोड सुरू झाला.

"सुटलास रे बाबा," ती स्क्रीनकडे बघून म्हणाली.

मंगळवारी सव्वादहाला स्टुडिओनं एक फोन तिच्याकडे वळवला.

"बाय, आमचा मानूस आज आयला नाय."

"कोण, आजी?"

"फोटोतला गो. मी अंजनाबाय, वेसाव्याच्या कोळीवाड्यातनं बोलते. माझा घरवाला, धाकू. रोज सकाळी येतो. आज कवाधरनं बसलंय, आयलाच नाय."

निधीनं अल्बम शोधला. नंबर चारशे सतरा. काल दुपारी बारा चाळीसला डिलीट. म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटं उरली होती.

"आजी, याची दुसरी कॉपी आहे तुमच्याकडे?"

"कुठली? फोटो काढायचा कंटाळा त्याला. लेकीच्या हळदीला चौघांनी धरून उभा केला, तो ह्यो एकच."

कचरापेटीतून फोटो परत आणायचं बटण अजून बनलंच नव्हतं. ते पुढच्या आठवड्याच्या कामात होतं. निधीनं चहा बाजूला सारला आणि हातानं शोधायला बसली. हजारो फाइलींतून तो फोटो सापडायला साडेअकरा वाजले. तिनं तो पहिल्यांदाच उघडला. लाल टोपी, पांढरा सदरा, गालाला हळद. हळदीच्या मांडवात उभा राहूनही डोळे बारीक करून लांब कुठेतरी बघणारा माणूस.

आता तिला सगळं कळल्यासारखं वाटलं. आजींचा म्हातारा हात. रोज चुकून डिलीटच्या खुणेवर पडत असणार. त्या एका फोटोचं डिलीट तिनं बंद करून टाकलं आणि फोन लावला.

"आजी, आजोबा आले बघा."

पलीकडून आवाज आला, पण तो निधीसाठी नव्हता. "आयलास काय रं? केवढा उशीर केलास."

"आणि आता काळजी नको, आजी. चुकून दाबलं गेलं तरी जाणार नाहीत. मी कुलूप लावलंय."

"चुकून कशाला दाबीन? मीच धाडते त्याला. भरतीला होडी सुटायची, त्याच टायमाला. चाळीस वरसं धाडला. दर्यानं रोज परत दिला. गेला तो घरातून, झोपेत."

निधीच्या डोळ्यांसमोर ती नोंदींची रांग आली. भरतीसारखी रोज पाऊण तासानं पुढे सरकणारी वेळ. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात ते पावसाचे दोन महिने.

"आता कशाला पाठवायचं, आजी?" ती हळूच म्हणाली. "राहू देत की घरी."

अंजनाबाई हसली.

"कुलूप काढ गो बाय. आज दीडची भरती हाय. गेलाच नाय, तर येनार कसा?"