बाळाच्या गालावर

उजव्या गालावर अकरा, डाव्यावर सात. काल डाव्यावर सहाच पुटकुळ्या होत्या. तिने मोबाइलचा टॉर्च लावून पुन्हा मोजायला घेतल्या. सात महिन्यांच्या पोराने मोबाइलच तोंडात घालायला ओढला, आणि तो वाजला.

सासूबाई.

"अगं, बाळाच्या गालावर पुरळ आलंय म्हणे?"

सासूबाई दोन तासांच्या अंतरावर राहायच्या. त्यांच्या कानावर हे जाऊ नये म्हणून तिने तीन दिवस किती जपलं होतं! कारण पुरळ म्हटलं की सासूबाईंकडे एकच उपाय: लेप. संत्र्याची वाळवलेली साल, हळद, मुलतानी माती आणि वर तुरटीची पूड. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तो तिच्या कपाळावर लागला होता. एक मुरूम गेला होता, त्याच्याबरोबर कपाळाची सालही गेली होती.

आणि बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्ट सांगितलं होतं. लाळेने आलंय. कोमट पाण्याने टिपा, कोरडं ठेवा, लावायचं काही नाही. 'काही नाही' हे तिने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"थोडंसंच आहे, आई."

"थोडंसं नाही, मला सगळं कळलंय. पोट साफ होतं का त्याचं?"

"हो. दिवसातून चारदा."

"चारदा!" पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. "आणि झोप?"

"साडेअकराशिवाय नाही झोपत. मग दोनदा उठतो."

"ते जागरणच भोवतंय. लाळ गळते?"

"चादर भिजते."

"आमच्याकडे असताना नव्हती हो गळत."

गेल्या महिन्यात चार दिवस बाळ तिकडे राहिलं होतं. तिने टोमणा गिळला.

"तोंडात बोटं घालतो का?"

"सारखी."

"एवढा मोठा झाला तरी! बरं, ऐक. आठवडाभर दूध बंद कर."

"दूध बंद?" तिचा आवाज चिरकला. "मग जगेल कशावर?"

"न जगायला काय झालंय? बाकीचं खाईल की. उद्या सकाळी मी लेप घेऊन येतेय. आग होईल, ओरडेल, उठून पळायला बघेल. आपण ऐकायचं नाही. तू हात धर, मी डोकं धरते."

फोन बंद झाला. उठून पळायला बघेल! ज्याला अजून धड बसता येत नाही त्याच्याबद्दल बोलताहेत या. वयच झालं आता, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. पण तुरटी काही सोडून देता येईना.

संध्याकाळी नवरा आला तो थेट न्हाणीघरात. बाहेर आला तेव्हा टॉवेल अर्धा खांद्यावर, अर्धा तोंडावर. बाळाची नखं कापता कापता, मान वर न करता तिने विचारलं, "आईंना पुरळाचं तू सांगितलंस ना?"

"सांगितलं. मग कुणाला सांगू? तुला वेळ असतो का?"

"मला वेळ नसतो? दिवसभर मी दुसरं काय बघतेय?"

"तेच म्हणतोय मी."

"त्या उद्या तो लेप घेऊन येताहेत."

"येऊ दे की. दर वेळी तोच लावते."

"दर वेळी? माझ्या पाठीमागे?"

"तू कामात असतेस. एकदा तर तू झोपली होतीस."

तिच्या हातातलं नेलकटर खाली पडलं. "आग होते रे त्याने!"

"पाच मिनिटं. सहन करायची. माणूस थोडाच मरतोय?"

"तू बाप आहेस का कोण आहेस!"

यात बाप असण्याचा काय संबंध, हे त्याला कळलं नाही. तो टॉवेल सावरत टीव्हीसमोर जाऊन बसला.

तिने वही काढली आणि सासूबाईंना काय सांगायचं ते लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात ती फारच नम्र होती. दुसऱ्यात शेवटी बॅग भरून माहेरी जात होती. तिसरा बरा होता. तो तिने पाठ केला.

सकाळी दहाला सासूबाई आल्या. तिच्या कडेवरच्या नातवाचा पाय दाबत "काय रे लबाडा" म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. वाटी, चमचा, पाणी. लेप भिजला. त्याचा वास आला तसं तिचं स्वतःचं कपाळ चुरचुरलं.

ती बाळाला छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पाठ केलेलं सगळं पार विसरली.

"आई, लेप लावायचा नाही. डॉक्टर नको म्हणाल्यात."

"डॉक्टरकडे नेलंस? एवढ्याशासाठी?"

"हो."

"आणि तो आला? माझ्याबरोबर कधी आला नाही गं!"

"टेबलावरची सुई बघून रडला थोडा."

"रडणारच. ते नेहमीचंच आहे त्याचं." सासूबाईंनी चमचा वाटीच्या काठावर निपटला. "हे बघ, तुला बघवणार नसेल तर आत जा. पण मी लावल्याशिवाय जायची नाही. पोटचा गोळा आहे, असा कसा सोडू?"

"पोटचा माझ्या आहे!" ती ओरडली. बाळ दचकलं. तिने त्याला घट्ट आवळलं, त्याचे दोन्ही गाल आपल्या मानेत लपवले आणि डोळे मिटून घेतले. आता घ्याच हिसकावून.

पावलं जवळ आली. तिच्यापाशी थांबली नाहीत, पुढे गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ये बाळ, बस. मान वर कर."

तिने डोळे उघडले. खुर्चीत तिचा नवरा बसला होता, गळ्याभोवती टॉवेल, हनुवटी वर, दोन्ही गालांवर लालभडक पुटकुळ्या.

"आई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हिच्यासमोर बाळ म्हणायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"