नावाचा रकाना

"नावं वाचा, शेठ. नुसती नावं वाचा," मिलचा मॅनेजर भूपेंद्रभाई म्हणाला आणि खुर्चीत रेलून बसला.

मिलमालक ललितशेठ भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होता. गुलबासी, भूपेंद्र. डाळिंबी, भूपेंद्र. पोपटी, कांदाकलर, जांभळा, खाली पुन्हा भूपेंद्र. सुरतच्या पांडेसऱ्यातल्या त्याच्या डाइंग मिलनं बारा वर्षांत बसवलेले चारशे बारा रंग एकामागून एक सरकत होते. शेठ पलसाण्याला नवी मिल काढत होता. तिथला कारभार रंग जाणणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचा होता आणि तो माणूस आज ठरायचा होता.

मिलचा कॉम्प्युटर सांभाळणारी उज्ज्वला कोपऱ्यात बसून माउस फिरवत होती. हळूहळू, घाई न करता.

मिलच्या टीमचं सगळं काम जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात तिनंच हलवलं होतं. लॉट, तारखा, फोटो, रंगांच्या रेसिपी. जुन्यात नाव आत नोंदलं जायचं, पण पडद्यावर नुसती रेसिपी दिसायची. नव्यात रेसिपीला शेवटचा हात कुणी लावला, तेही नावानिशी दिसणार होतं. हे कळलं त्याच दिवशी भूपेंद्रभाई तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"उज्ज्वलाबेन, धुडकूच्या नावावर जे काही आहे ते माझ्या नावावर घ्या. गेलेल्या माणसाचं नाव कशाला वाहायचं?"

"सगळं?"

"बधुं. एकूण एक."

धुडकू म्हणजे मिलचा कलर मास्टर. शिंदखेड्याकडचा, चौथी शिकलेला. ओलं कापड उजेडाकडे धरून सांगायचा, निळा चिमूटभर जास्त पडलाय. त्याला टाइप करता यायचं नाही. तो बोलायचा आणि उज्ज्वला त्याच्या लॉगिनमधून लिहायची. "लिख बेटा," म्हणून सुरुवात करायचा. दोन वर्षांपूर्वी मोरपंखी जॉर्जेटचा सहा हजार मीटरचा लॉट डागाळून निघाला. मास्टरचे डोळे गेले, असं भूपेंद्रभाईनं शेठला सांगितलं. शेठनं सगळ्या खात्यासमोर धुडकूला घरी जायला सांगितलं. गेटपर्यंत म्हातारा आपल्या अहिराणीत एकच वाक्य बोलत गेला.

"हाई मनी चूक नही शे."

आता तो इच्छापोरला एका गोदामाचं फाटक उघडतो आणि लावतो.

त्या दिवशी उज्ज्वला मान खाली घालून बसली होती. दाखवायला तिच्याजवळ काही पुरावा नव्हता. तरीही आपण गप्प बसलो, हे तिला दोन वर्षं डाचत राहिलं. भूपेंद्रभाई शेजारून गेला की तिच्या मुठी आपोआप वळत. तो मात्र ते सगळं विसरला होता. त्याच्या लेखी तो लॉट म्हाताऱ्याबरोबरच गेटबाहेर गेला होता.

तिनं सगळी यादी उघडली. नावाच्या रकान्यात एकेक ओळ खाली जात धुडकू पुसलं आणि भूपेंद्र लिहिलं. दोन दिवस हेच चाललं. कापड रंगवायच्या जेट मशीनवरचा विकास चहा घेता घेता तिच्या मागे येऊन थांबला. पडद्यावरचं बघून त्याचं तोंड कडू झालं.

"वा, ताई! ज्यानं शिकवलं त्याचंच नाव पुसा. भूपेंद्रभाईला आता देव्हाऱ्यात बसवा. नैवेद्य आम्ही आणतो."

"बसवतेच आहे," उज्ज्वला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "असा बसवते, की उठायचा नाही."

विकास कप तसाच ठेवून निघून गेला. त्यानंतर खात्यातलं कुणी तिच्याशी धड बोललं नाही. तिनंही कुणाला काही सांगितलं नाही.

"थांबव," शेठ म्हणाला.

उज्ज्वलाचा हात आधीच थांबला होता.

मोरपंखी. जॉर्जेट. एकशेतीस डिग्री, वीस मिनिटं. लॉट नापास. भूपेंद्र.

शेठ पडद्याजवळ गेला. तरुणपणी तो स्वतः मशीनवर उभा राहिलेला माणूस होता. "वीस मिनिटं? याला पंचेचाळीस लागतात. कापड लवकर उतरवायच्या घाईत सहा हजार मीटरची माती केलीस? भूपेंद्र, हे तुझं?"

"छे, छे! हे धुडकूचं, शेठ. माझं नाव चुकून आलंय."

"चुकून. बरं. मग गुलबासी कुणाचा?"

भूपेंद्रभाईनं ओठांवरून जीभ फिरवली.

"डाळिंबी?" शेठनं विचारलं. "तिथंही चुकूनच आलंय का?"

सगळे रंग आपले म्हणावेत, तर मोरपंखीही आपला होत होता. मोरपंखी झटकावा, तर त्याच्याबरोबर सगळेच जात होते. भूपेंद्रभाईनं रुमाल काढून मान पुसली. उज्ज्वला त्याच्याकडे बघत राहिली. ही दोन मिनिटं तिला दोन वर्षं हवी होती आणि ती तिनं डोळे भरून पाहिली.

"तेही धुडकूचे," तो शेवटी म्हणाला. "सगळेच त्याचे. पण शेठ, हा लॉटसुद्धा त्याचाच! या बाईनं नावं बदललीत. सगळी हिनं बदललीत. हिलाच विचारा!"

शेठ वळला. "तू नावं बदललीस?"

"हो, शेठ. यांनीच सांगितलं होतं." उज्ज्वला उठून उभी राहिली. "चारशे अकरा नावं बदलली. हे एकच बदलावं लागलं नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्येही इथं यांचंच होतं."