बंद कर ते

दुपारी सव्वा वाजता वानाकाजवळच्या डोंगरात हिमकडा कोसळला आणि पापाकुराहून स्कीइंगला आलेला मैत्रेय त्याखाली गाडला गेला. त्याची बायको रिया कडेला होती, म्हणून वाचली. तिने आपलं बीकन, म्हणजे बर्फाखालच्या माणसाला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र, बर्फावरून फिरवलं, पण त्याच्या छातीवरच्या बीकनचा सिग्नल काही येईना.

"त्याचं चालू होतं ना?" मित्र धैर्यशील ओरडला.

"सकाळी मी स्वतः चेक केलं रे! आणि तो कसला बंद करतोय? घरी कितीही सांगितलं तरी हीटरसुद्धा चालू सोडून जातो."

मग तिला जेवतानाचं आठवलं. "बॅटरी कशाला फुकट घालवतोस? बसलोय तोवर बंद कर ते," असं तीच म्हणाली होती.



दोन वाजेपर्यंत सिग्नल मिळालेला नव्हता. या वेळी मैत्रेयने तिचं ऐकलं असावं.