झेंडूची माळ

रिक्षातून पाय खाली टेकवायच्या आधीच बानाबाईनं हंबरडा फोडला.

"आरं माझ्या भागिनाथा! मला न सांगताच गेला रं!"

नळावरच्या दोन बाया कळश्या तशाच टाकून धावल्या. एकीनं तिला डावीकडून धरलं, दुसरीनं उजवीकडून, आणि दोघीही रडायला लागल्या. भागिनाथ सकाळीच त्यांच्यासमोरून दुधाची पिशवी घेऊन गेला होता. पण पाहुणी एवढी रडते म्हटल्यावर आधी रडायचं आणि कोण गेलं ते मागून विचारायचं, अशी त्या वस्तीची रीत होती.

समोर शाळेची लांबलचक भिंत होती. वस्तीतली पोरंपोरी महिनाभर ती रंगवत होती. पुंडलिकनगरहून चित्रं शिकवायला येणाऱ्या मनस्विनीताईंनी त्यांना सांगितलं होतं, वस्तीतलं आपल्याला आवडणारं माणूस काढा. भागिनाथच्या सत्यशीलानं बाप काढला. पुरुषभर उंचीचा चेहरा, पांढऱ्या मिशा, डोक्याला पिवळा पटका. भोवती जागा उरली म्हणून तिनं गोल झेंडूची माळ काढली. काल संध्याकाळी हौसेनं त्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली काही लिहिलं नाही. देवगाव रंगारीच्या एका चुलत्यानं हात जोडले. दुसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्यानंतर कुणाला शंका उरली नाही, आणि मेलेल्या माणसाला फोन करून खात्री करायचं काही कुणाला सुचत नाही. सत्यशीला सकाळी फोन न बघताच भिंतीवर आली होती.

बानाबाईनं भिंतीकडं पाहिलं आणि तिचा आवाज आणखी चढला. तेव्हा भिंतीच्या बुडाशी रंगाचा डबा ढवळत बसलेला भागिनाथ उठून उभा राहिला.

"आक्का? काय झालं? कोण गेलं?"

बानाबाई थांबली. डावी-उजवीकडच्या बायाही थांबल्या. मग पोरांना हसू फुटलं. कट्ट्यावरचा म्हातारा म्हणाला, "आयुष्य वाढलं बघा भागिनाथाचं!"

बानाबाई हसली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. तिला भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

"जित्ता हायेस व्हय रं?"

"हाय की."

"साऱ्या एसटीत रडत आले मी. परक्या लोकांनी पाणी पाजलं मला."

रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "मौसी, रुकूं क्या जाऊं?"

"रुक," बानाबाई म्हणाली आणि भागिनाथकडं वळली. "तुझ्या मातीलाच येईन म्हणले होते. मातीला आले. तू मेला नाय, मग इथं माझं काय काम?"

चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा भागिनाथनं थोरल्या बहिणीला निरोप उशिरा धाडला होता. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आईचं तोंड तिला दिसलं नाही. त्या दिवशी साऱ्या भावकीसमोर तिनं हे सुनावलं होतं, आणि चार राख्यापुनवा तिनं शब्द पाळला होता.

भागिनाथनं रंगाचे हात धोतराला पुसले.

"आक्का, आईच्या वेळंला माझं चुकलं. तुझ्यासाठी थांबायला पाह्यजे होतं."

हे त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं. बानाबाईनं ऐकलं आणि रिक्षात जाऊन बसली. हातातलं गाठोडं तेवढं तिनं रिक्षाबाहेर खाली ठेवलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पहाटे उठून तिनं त्यात पिठलं-भाकरी बांधून आणली होती.

रिक्षावाल्यानं रिक्षा चालू केली. बानाबाईची नजर पुन्हा भिंतीवर गेली.

"थांब रे," ती म्हणाली. "आधी ती फुलं पुसा."

मनस्विनीताई पुढं झाल्या. "मावशी, अहो, ते नुसतं चित्र आहे. पोरीनं किती मेहनतीनं काढलंय. परवा पाहुणे येणार आहेत बघायला."

"जित्त्या माणसाच्या फोटूला हार घालीत नसत्यात, बाई."

सत्यशीलानं पांढऱ्या रंगाचा डबा उचलून आणला, ब्रश बुडवला आणि तशीच उभी राहिली. माळेतलं एकेक फूल तिनं नारिंगीवर पिवळा हात देऊन फुलवलं होतं. तिचा हात वर जाईना.

बानाबाई रिक्षातून उतरली. तिनं पदर खोचला, भाचीच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि खालच्या फुलांवर पांढरा रंग फासायला लागली. हनुवटीखालची फुलं गेली, गालांजवळची गेली. पटक्याच्या वर तिचा हात पोचेना. बाजूला शिडी होती. कुणाला काही न विचारता ती शिडीवर चढली.

शिडी डगमगली. भागिनाथनं पळत येऊन दोन्ही हातांनी धरली.

वरून पांढरे थेंब त्याच्या मिशीवर, खांद्यावर पडत होते. तो हलला नाही. पोरं आता हसत नव्हती. मनस्विनीताईंनी फोटो काढायला फोन वर केला आणि पुन्हा पर्समध्ये ठेवून दिला.

"मौसी?" रिक्षावाल्यानं परत विचारलं. "रुकूं क्या जाऊं?"

बानाबाईनं शेवटच्या फुलावर ब्रश फिरवला. तिनं रिक्षाकडं पाहिलं नाही, भावाकडंही पाहिलं नाही.

"सत्यशीले," ती शिडीवरूनच म्हणाली, "ती गाठोड्यातली भाकर कुत्र्याला घाल. आन् घरात जाऊन पीठ मळायला घे. खाली उतरले की ताजी थापते."